चाळून ठेवलेला गाळ

भंडाऱ्याला कोणी मुद्दाम जात नाही. नागपूरहून रायपूरकडं जाणारे तिथून जातात, पुलावरून वैनगंगा बघतात आणि पुढं निघतात. मी मुद्दाम गेले, मार्च महिन्यात, चार दिवस. परत आल्यावर ऑफिसात सगळ्यांनी विचारलं, काय पाहिलंस? "तळी पाहिली," एवढंच सांगितलं. ते खरं आहे, पण पुरतं नाही. म्हणून हे लिहिते आहे.

आधी माझं काम सांगते, नाहीतर मी तिथं कशाला गेले ते कळायचं नाही. विज्ञानात मोठमोठे आंतरराष्ट्रीय संघ असतात. त्यांत माणूस सभासद होत नाही, देश होतो. आपल्या देशाच्या वतीनं दिल्लीतली एक संस्था सभासद आहे. ती एक राष्ट्रीय समिती नेमते आणि त्या समितीच्या कचेरीत मी बसते. परदेशात एखादा प्रकल्प निघाला की त्याचं पत्रक आमच्याकडं येतं. ते खाली पाठवायचं. खालून अर्ज आले की समितीपुढं ठेवायचे, आणि समिती ज्याचं नाव घेईल त्याचं नाव वर कळवायचं. दुवा म्हणतात त्याला. भाषणात फार छान वाटतो हा शब्द.

पण "खाली" म्हणजे कुठपर्यंत? पत्रकं जायची ठिकाणं ठरलेली आहेत. मोठ्या संस्था, मोठी विद्यापीठं, त्याच्या खाली पायरीच नाही. मी जत तालुक्यातली. आमच्या घरात दहावीच्या पुढं गेलेली मी पहिली, आणि हे मी कोणी विचारलं नाही तरी सांगते. मी ज्या कॉलेजात शिकले तिथं असलं पत्रक कधी आलं नाही. आलं असतं तर कोणी वाचलं असतं की नाही हा पुढचा प्रश्न. म्हणून या खेपेला तालुक्याच्या गावांतल्या कॉलेजांनाही मी ते पाठवलं. साहेब हसले. म्हणाले, "बाई, एकही उत्तर यायचं नाही."

एक आलं. तुमसरच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या वैशालीचं.

प्रकल्प जुन्या तळ्यांच्या चिखलाचा होता. दर पावसाळ्यात पाणी माती घेऊन येतं आणि ती तळाशी बसते. पुढच्या वर्षी तिच्यावर दुसरा थर. कोणी हात लावला नाही तर शेकडो वर्षांचं पाऊसपाणी, दुष्काळ, पूर असं सगळं एकावर एक निजलेलं असतं. जगातल्या निरनिराळ्या देशांतून एकेक तळं निवडायचं होतं, आणि प्रत्येक तळ्याबरोबर त्यावर काम करणाऱ्या एका तरुण संशोधकाला दोन वर्षं फिनलंडच्या प्रयोगशाळेत जागा होती. वैशालीनं आपल्या गावच्या मालगुजारी तलावाचं नाव दिलं होतं. स्वतः कमरेइतक्या पाण्यात उतरून तळ्याच्या मधला हातभर चिखल तिनं काढला होता. त्याच्या फोटोत काळ्या-करड्या रेघा दिसत होत्या, बांगड्या एकीला एक लावून ठेवाव्यात तशा. तो नमुना तपासणीतच संपला, पण समितीला पटलं. मोठ्या संस्थेतलं एक नाव मागं पडलं आणि वैशालीचं पुढं आलं. त्या दिवशी मी कचेरीत सगळ्यांना पेढे वाटले.

आता एकच पायरी उरली होती. फिनलंडहून प्रकल्पाच्या एलिनाबाई येणार, आपल्या हातानं तळ्यातून लांब नळी भरून चिखल काढणार आणि जागा पक्की करणार. वयाच्या अटीमुळं वैशालीला ही शेवटचीच संधी होती. पुढच्या वर्षी तिचं नाव घेताच आलं नसतं.

आंधळगाव

नागपूरला वैशाली आम्हाला घ्यायला आली. फोनवरच्या आवाजावरून मी उंच, धीट मुलगी धरून चालले होते. ही निघाली बारीक, चष्मेवाली, आणि बोलताना दुपट्ट्याचं टोक बोटाला गुंडाळणारी. महिनाभर परीक्षांच्या कामात तुमसरलाच अडकली होती, गावी गेलीच नव्हती. एलिनाबाई साठीच्या आसपासच्या. आयुष्य सरोवरांच्या चिखलात गेलेलं, त्यामुळं बूट एकदम भारी आणि बाकी कपडे कसेही. गाडीच्या टपावर त्यांची ती नळी बांधली होती, गाडीपेक्षा लांब, टोकाला लाल फडकं लावलेली.

आंधळगावला चहाला थांबलो, तर त्या नळीभोवती माणसं जमली. एक म्हातारा धोतर सावरत पुढं आला.

"काय जी, बोर मारून राहिले का?"

"नाई काका," वैशाली म्हणाली. "तलावातला चिखल काढाचा हाये."

"कायले?"

"पाहाले."

म्हाताऱ्यानं एलिनाबाईंकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं. "चिखल पाहाले ह्या बाई विलायतेहून आल्या? मंग आमच्या बोडीत आना. आमी फुकट दाखवतो."

सगळे हसले. बोडी म्हणजे शेतातली लहान तळी. एलिनाबाईंना कळलं नाही, पण त्याही हसल्या. वैशालीनं मग त्या म्हाताऱ्याला समजावून सांगितलं, वर्गात सांगावं तसं. थर कसे बसतात, कोणत्या साली पाणी आलं नाही ते कसं दिसतं. तो मान हलवत ऐकत होता.

"म्हंजे माह्या आज्यानं बांधी काहून इकली, तेही दिसन?"

"दुष्काळानं इकली असन तर दिसन."

"अन् दारूनं इकली असन तर?"

"ते चिखलात नाई दिसत काका, ते घरात दिसते."

पुन्हा हसू. ही मुलगी बोलायला लागली की दुपट्टा सोडून देते हे मला तिथं कळलं. इथं आलुबोंड्यावर लालभडक रस्सा ओतून देतात. एलिनाबाईंनी पहिल्याच घासाला डोळ्यांत पाणी आणलं आणि बशी मात्र चाटून पुसून संपवली.

तिथून तुमसरपर्यंत मी खिडकीतून तळी बघत बसले. आमच्याकडं पाणी म्हणजे टँकरची वेळ आणि हंड्यांची रांग. बोअर खाली खाली जातात आणि माणसं शिव्या देत राहतात. इथं गावागणिक एक तळं, कुठं दोन. जुन्या मालगुजारांनी, म्हणजे जमीनदारांनी, लोकांकडून बांधून घेतलेली. पाळ म्हणजे मातीचा बांध, तिच्यात पाणी सोडायचं दार, त्याला तुडूम म्हणतात, आणि खाली धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची शेतं, उतरत गेलेल्या. मला खरं सांगायचं तर हेवा वाटला. एलिनाबाई म्हणाल्या, त्यांच्याकडं सरोवरं इतकी आहेत की लोकांना त्यांची नावं माहीत नसतात. वैशाली म्हणाली, "आमच्याकडे प्रत्येकाचं नाव आहे, आणि भांडणही आहे."

करडीच्या पुढं

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर निघालो. करडी मागं पडलं, रस्ता अरुंद झाला. दोन्हीकडं कापलेल्या धानाचे खुंट आणि मधूनच उन्हाळी धानाचा हिरवा तुकडा. मोहाखाली बायका फुलं वेचत होत्या, आणि गाडीतसुद्धा त्याचा गोड, जड वास येत होता. वैशाली पुढच्या सीटवर होती. गावाचं नाव मी लिहीत नाही. लहान गाव आहे, आणि जे झालं त्यात कोणाचा दोष नाही.

पाळीखाली मांडव दिसला तेव्हा मला वाटलं, लग्न आहे. वैशालीलाही तसंच वाटलं. "आपल्या गावात तर कोणाचं लग्न नाही," असं ती म्हणाली. गाडी थांबली आणि डफडं वाजायला लागलं. शाळेची मुलं, सरपंच, बायका, सगळं गाव. पितळेच्या लोट्यातून पाणी आलं. आमच्या तिघींच्या गळ्यात हार पडले. वैशाली लाजून हसत होती. "बाबा, हे काय?" असं ती गर्दीत कोणालातरी म्हणाली.

ते तिचे वडील, धनराजभाऊ. काळेसावळे, पांढरा सदरा कडक इस्त्रीचा, पायांच्या नखांत मात्र चिखल वाळलेला. त्यांनी हात जोडले. "जय भीम मॅडम. चला, वर चला. पाहा."

आम्ही पाळीवर चढलो.

तळं कोरडं होतं. नुसतं कोरडं नाही, घासलेलं. चिंचेनं घासलेल्या पितळी परातीसारखा पिवळा मुरूम ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत चकचकत होता. आणि पाळीवर ओळीनं पोती उभी होती, सुतळीनं तोंडं शिवलेली, एकेका पोत्यावर झेंडूचं फूल खोचलेलं. त्यांच्या मागं घराएवढा ढीग, ताडपत्रीनं झाकलेला.

"वैशूनं फोनवर सांगतलं, का पाव्हन्यायले गाळ पायजे," धनराजभाऊ मला सांगू लागले. "म्हटलं, पाव्हन्यायले कायले चिखलात उतरवाचं? विहिरीत उतरवून पानी पाजते का कोनी पाव्हन्याले? आमी काढून ठेवला. मधातला हाये जी. काठाचा नाई."

"पाणी होतं ना मधी?" वैशालीनं विचारलं. आवाज साधाच होता.

"होतं ना. पंप लावले. ढीवरायनं मासोया काढल्या, साऱ्या गावानं खाल्ल्या. मंग सरपंचानं जेसीबी देल्ला. वरतून आमी माणसं होतोच." त्यांनी एक पोतं उघडं करून हात आत घातला आणि मूठ भरून एलिनाबाईंसमोर धरली. काळाभोर, मऊ, भुकटीसारखा गाळ. "अन् हे पाहा. रेतीच्या चाळनीनं चाळला सारा. गिट्टी नाई, काडी नाई, शिंपला नाई."

काडी नाही, शिंपला नाही. थराचं वय ज्यांच्यावरून काढतात त्या ह्याच गोष्टी. पण त्याचा तरी काय उपयोग होता. थरच उरले नव्हते. तीनशे वर्षं म्हणा, किती म्हणा, सगळी एकात एक कालवून, वाळवून, चाळून, पोत्यात भरून समोर उभी होती.

"काय म्हणतात ते?" एलिनाबाईंनी मला इंग्रजीत विचारलं. मी सांगितलं. त्यांनी धनराजभाऊंच्या मुठीखाली आपली दोन्ही हातांची ओंजळ धरली, गाळ घेतला आणि कितीतरी वेळ त्याच्याकडं बघत राहिल्या. गावाला वाटलं, बाईंना आवडला. टाळ्या पडल्या.

वैशाली पाळ उतरून तळ्यात गेली होती. मधोमध जाऊन उभी राहिली. कोणी हाक मारली नाही. सगळ्यांना वाटलं असेल, बघते आहे.

मग भाषणं झाली. सरपंच म्हणाले, गावाचं नाव आता विलायतेत जाणार. एलिनाबाईंना बोलायला सांगितलं. त्या म्हणाल्या, "मी खूप देश फिरले. माझ्यासाठी एवढे कष्ट कोणी कुठं केले नाहीत." मी ते मराठीत सांगितलं. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं.

दुपारी गर्दी गेल्यावर आम्ही तिघींनी नळी उतरवून तळात लावून पाहिली. मधी, तुडुमाजवळ, मग पाळीच्या पायथ्याशी. प्रत्येक वेळी बोटभर आत जाऊन ती मुरुमाला टक्क करून लागायची. जेसीबीनं कोपरासुद्धा सोडला नव्हता. धनराजभाऊ पाळीवरून ओरडून विचारत होते, "काही कमी पडलं का जी?" त्यांना वाटत होतं आम्ही अजून गाळ शोधतोय. "सारा काढला, खाली काहीच नाई आता."

घरी

आम्ही त्यांच्याच घरी उतरलो. सारवलेलं अंगण, आत बुद्धाची मूर्ती, तिच्यापुढं मोगऱ्याची चार फुलं. कांताबाईंनी, म्हणजे वैशालीच्या आईनं, जेवायला तांदळाची भाकर, लाखोळीची डाळ आणि वांग्यात सुके झिंगे घातलेली भाजी केली होती. आमच्याकडं भात सणाला. उरलेले दिवस ज्वारीची भाकरी. इथं सकाळी भात, दुपारी भात, आणि भाकर केली तर तीही तांदळाचीच. एलिनाबाई मांडी घालून बसू शकल्या नाहीत, पाय लांब करून बसल्या, आणि कांताबाई सारख्या त्यांच्या पायांवरून वळसा घेऊन वाढत होत्या.

"बाई," त्यांनी मला विचारलं, "यायच्या देशात तांदूळ भेटते का?"

"भेटतो."

"मंग पोट्टी उपाशी नाई राहाची." चुलीच्या मागच्या फळीवर त्यांनी बोट दाखवलं. तिथं एक पिशवी होती. "तिखट अन् पापड. आतापासून करून ठेवले. थंडी गंज राहते म्हनते ना? यायले विचारून देते काय, अंगात काय घालाव लागते?"

वैशाली ताटातल्या भातावर डाळ घेत होती. घेतच राहिली. डाळ ताटाबाहेर आली.

"काहून वं, ध्यान कुठं हाये?"

"कुठंच नाई माय," ती म्हणाली आणि एलिनाबाईंना विचारलं. एलिनाबाईंनी एकदा माझ्याकडं आणि तिच्याकडं पाहिलं. लोकरीचं काहीतरी, एवढं त्या म्हणाल्या.

हात धुताना वैशाली माझ्याशी हळूच बोलली. बपेऱ्याकडं, मध्य प्रदेशाच्या हद्दीजवळ, एक तळं तिनं लहानपणी पाहिलं होतं. मोठं, रानात. तिथं कोणी गाळ काढत नसेल. जागा बदलली तर चालेल का, तिनं विचारलं. तळं बदललं तरी काम तेच. मी एलिनाबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, थर असतील तर त्या समितीशी भांडतील.

बपेरा

मी देवाला फारसं काही मागत नाही. त्या सकाळी गाडीत मात्र मागितलं.

वाट लांब होती. पळस फुलले होते, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पेटल्यासारखे, आणि आमच्यापैकी एकीनंही त्याबद्दल शब्द काढला नाही. वैशाली एलिनाबाईंना सांगत होती, त्या तळ्यात मधी कायम पाणी असायचं, कमळं असायची. तिचा मामा तिला खांद्यावर घेऊन पाळीवरून गेला होता, वगैरे. दुपट्टा मोकळा होता.

तळं होतं. कमळं नव्हती. पाळ एका ठिकाणी फुटलेली आणि पाणी दर हिवाळ्यात वाहून जात असणार, कारण तळाला हातहात रुंद भेगा पडल्या होत्या आणि सगळीकडं जनावरांच्या खुरांचे ठसे. एक गुराखी बसला होता. वैशालीनं त्याला विचारलं, पाळ कधी फुटली?

"मी लहान होतो तवाची. अशीच हाये."

तरी नळी लावली. भेग चुकवून, सावलीतली ओली जागा बघून, तिघींनी जोर करून दाबली. दीड हात गेली. ओढून काढली, एलिनाबाईंनी ती आडवी ठेवून उभी चिरली. आत एकच रंग होता. वरपासून खालपर्यंत राखाडी, आणि मधी शेणाचा एक गोळा. भेगांतून वरची माती खाली, खुरांनी खालची वर. एलिनाबाईंनी चिखलाला बोट लावून पाहिलं, मग त्या उठल्या आणि वैशालीच्या पाठीवर हात ठेवला. वैशालीनं नळीचे दोन्ही भाग उचलले, डबक्यात नेऊन धुतले, पुसले आणि टपावर बांधले. गाठ तिनं दोनदा सोडून पुन्हा मारली.

येताना रस्त्याकडेला मोबाइलला रेंज आली तिथं मी गाडी थांबवली आणि समितीच्या अध्यक्षांना दिल्लीला फोन लावला. माणूस वाईट नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"मग तळं गेलं," ते म्हणाले.

"तळं गेलं सर. पण मुलगी आहे. तिचं काम तुम्ही पाहिलंय. तिला दुसऱ्या तळ्यावर घ्या."

"संशोधक तळ्याबरोबर जातो, ते तुम्हालाच जास्त माहीत आहे. नियम आपण केलेला नाही."

"आपण बदल मागू शकतो. आपण सभासद आहोत."

"एका तासिकेवरच्या बाईसाठी? संघाच्या सर्वसाधारण सभेत?" ते म्हणाले. "बरं, मी नाही म्हणत नाही. पण त्याला दोन-तीन वर्षं जातील. तिचं वय थांबणार आहे का? दुसरं नाव तयार ठेवा."

दुसरं नाव तयार होतंच. मोठ्या संस्थेतलं, डोंगरातल्या सरोवराचं, कंपाउंड घातलेलं, जिथं कोणी पाहुण्यासाठी चिखल चाळत नाही. तो माणूसही हुशार आहे, मी त्याला वाईट म्हणत नाही. पण त्याच्या दारात असली पत्रकं उद्याही येतील आणि परवाही.

एलिनाबाई म्हणाल्या, त्या स्वतंत्र पत्र लिहितील, कुठं काही निघालं तर कळवतील. मग स्वतःच म्हणाल्या, "मी असं पुष्कळांना म्हणते." मला त्यांचा राग आला नाही. खरं बोलणारी बाई.

पाळीवर

संध्याकाळी वैशाली आणि मी पाळीवर बसलो होतो. पोती तशीच उभी, झेंडू सुकलेले. ढिगाजवळून जाणारी माणसं थांबून बघत होती आणि हात न लावता पुढं जात होती.

मी म्हटलं, "आज वडिलांना सांगून टाक. मी असते सोबत. मी सांगते हवं तर, मला गोल गोल बोलता येत नाही, पण नीट सांगेन."

"नका सांगू मॅडम."

"का? त्यांची चूक आहे असं थोडंच म्हणणार आहोत?"

"तुम्ही नाही म्हणणार. ते म्हणतील." तिनं तळ्याकडं हनुवटी उडवली. "दिवसातून चार वेळा ते ह्या पाळीवरून जातात. बांधीत जायला दुसरी वाट नाही. रोज हे खाली दिसणार त्यांना. मरेपर्यंत."

"आणि तू? तुला नाही दिसणार?"

"मी तुमसरला असते," ती म्हणाली.

मी काडीनं पाळीच्या मातीत रेघा ओढत बसले.

"मी फोनवर म्हटलं होतं, गाळ न्यायला येत आहेत," ती म्हणाली. "दुसरं काय म्हणणार होते? थर म्हटलं असतं तर त्यांनी थरसुद्धा चाळले असते." ती हसली आणि मग चष्मा काढून दुपट्ट्यानं पुसत राहिली. काचा आधीच स्वच्छ होत्या. "काही दिवसांनी सांगीन, नंबर दुसऱ्याचा लागला. नंबर न लागणं त्यांना माहीत आहे. माझा गंज वेळा लागला नाही."

निघताना

चौथ्या दिवशी सकाळी धनराजभाऊंनी आम्ही उठायच्या आत पाच पोती गाडीशी आणून ठेवली होती. एलिनाबाईंनी आपला कॉफीचा रिकामा डबा काढला, पोत्यातून भरून घेतला आणि झाकण घट्ट लावलं.

"येवढाच?" धनराजभाऊंचा चेहरा पडला.

"विमानात वजन राहते बाबा," वैशाली म्हणाली.

"असं." त्यांना ते पटलं. मग ते माझ्याकडं वळले. "मॅडम, तुमी दिल्लीवाल्या. खरं सांगजा. गाळ पसंत पडला ना?"

कांताबाई दारात उभ्या होत्या, हातात आमच्यासाठी बांधलेली शिदोरी. वैशाली गाडीच्या टपावरची दोरी तपासत होती, पाठमोरी.

"पसंत पडला भाऊ," मी म्हणाले. "इतका चांगला गाळ आम्हाला कोणी दिला नव्हता."

"मंग झालं." त्यांनी मोठा श्वास सोडला आणि पाळीकडं तोंड करून हाक मारली. "या रे. पाव्हन्यायचं झालं. आता भरा आपापल्या बांधीत."

तेव्हा मला दिसलं. पाळीच्या पलीकडं खाचर, म्हणजे इथल्या बैलगाड्या, आणि ट्रॅक्टर रांगेनं उभे होते. ज्यानं मागितला त्या माणसानं नेल्याशिवाय त्या ढिगाला गावातलं कोणी हात लावणार नव्हतं, आणि हे त्यांना कोणी सांगावं लागलं नव्हतं. ताडपत्री ओढली. फावडी लागली. काळी धूळ उठली आणि पहिलं खाचर भरायला लागलं. कोणीतरी म्हणालं, "यंदा धान पाह्यजो, माणूस बुडन असा." बाकीचे हो म्हणाले.

गाडी सुरू झाली होती. वैशाली आमच्याबरोबर तुमसरपर्यंत यायची होती. तिनं एलिनाबाईंच्या हातात हात दिला, मग मला म्हणाली, "तुम्ही व्हा पुढं मॅडम. मी संध्याकाळच्या गाडीनं जाईन." आणि दुपट्टा कमरेला खोचून ती पाळ चढली.

मी उतरून उभी राहिले. तिनं ढिगाशी जाऊन एक घमेलं भरून घेतलं. धनराजभाऊ धावत गेले.

"तू कायले माय? तुले जाचं हाये. हात खराब होतीन."

"जाईन तवा जाईन बाबा," ती म्हणाली. "उचलू लागा."

त्यांनी नाही नाही म्हणत दुसरी बाजू धरली, आणि दोघांनी मिळून ते तिच्या डोक्यावर ठेवलं.